कलावंताशी जाहीर गप्पा: पत्रिका छापायच्या आधीची आणि नंतरची कामं

आपल्याकडे चित्रकाराशी किंवा छायाचित्रकाराशी गप्पांचा कार्यक्रम बहुतेक वेळा उलट्या क्रमाने ठरतो. आधी तारीख, मग अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग पत्रिका. सगळं झाल्यावर कुणीतरी विचारतं, ‘अरे, मुलाखत कोण घेणार?’ साडेपाचचा कार्यक्रम सव्वासहाला सुरू होतो. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक आणि मान्यवरांची दोन भाषणं आटोपून कलावंताच्या हातात माईक येतो तेव्हा मागच्या दोन रांगा एसटीची वेळ बघत असतात. ज्या चित्रांबद्दल बोलायचं ती मात्र शेजारच्या दालनात कुलपात असतात.

खानदेशातली छोटी कलादालनं, संग्रहालयं, संशोधन संस्था आणि कला महाविद्यालयं यांत असे कार्यक्रम करणाऱ्यांसाठी हा क्रम लिहितो आहे. टप्पे याच क्रमाने घ्या. पहिले दोन झाल्याशिवाय तारीख कुणालाही सांगू नका, अगदी कार्यकारिणीलासुद्धा.

## टप्पा १: आधी कलाकृती निवडा

‘कला आणि समाज’, ‘माझा कलाप्रवास’ असे विषय ठेवले की वक्ता हमखास भाषण करतो. त्याऐवजी तीन ते पाच कलाकृती निवडा आणि कार्यक्रम त्यांच्याभोवती बांधा. पाचपेक्षा जास्त नकोत; तासाभरात एका चित्रावर दहा-बारा मिनिटं सहज जातात.

चाळीसगावचं उदाहरण घ्या. कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांचं घर आणि त्यांचा संग्रह तिथे आहे. त्यांच्या टेबलटॉप छायाचित्रांत टेबलावर छोट्या वस्तू मांडून अख्खा देखावा उभा केलेला असतो. असं एकच छायाचित्र समोर ठेवून आजच्या एखाद्या छायाचित्रकाराला विचारा, ‘उजेड कुठून आलाय? यातली खरी वस्तू केवढी असेल?’ पहिली वीस मिनिटं तिथेच रंगतील. ‘केकी मूस: जीवन आणि कार्य’ असं नाव दिलंत, तर लोक जन्मापासून सुरू करतात आणि छायाचित्रापर्यंत पोहोचतच नाहीत.

निवडलेली कलाकृती मूळ स्वरूपात दाखवता येणार नसेल, तर प्रत कशी दाखवणार ते आत्ताच ठरवा. अजिंठ्यावरच्या कार्यक्रमात ही अडचण नेहमीची. मुळात काळपट झालेली चित्रं उजेड असलेल्या हॉलमध्ये साध्या प्रोजेक्टरवर दाखवली की पडद्यावर तपकिरी डागांशिवाय काही उरत नाही. त्यापेक्षा दोन फुटांच्या चांगल्या छपाया करून घ्या आणि लोकांना जवळ जाऊन बघू द्या.

तपासा: निवडलेल्या प्रत्येक कलाकृतीबद्दल ‘हे कसं केलं?’ असा निदान एक प्रश्न तुम्हाला स्वतःला पडतो का? पडत नसेल तर ती बदला.

## टप्पा २: बोलतं करणारा माणूस शोधा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. मुलाखतकार म्हणून सहसा तीन प्रकारची माणसं निवडली जातात आणि तिन्ही टाळण्यासारखी आहेत. पहिला, गावातला उत्तम वक्ता: तो प्रश्नाच्या नावाखाली स्वतःच बोलतो. दुसरा, कलावंताचा लाडका विद्यार्थी: ‘सर, आपण थोर आहात’ याच्यापुढे तो जात नाही. तिसरा, संस्थेचा पदाधिकारी: त्याचं अर्धं लक्ष दाराकडे असतं, कोण आलं आणि कोण नाही यावर.

हवा असतो तो चित्राकडे नीट बघणारा, छोटे प्रश्न विचारणारा आणि उत्तरानंतर दोन क्षण गप्प राहू शकणारा माणूस. शाळेतले चित्रकलाशिक्षक या कामाला अनेकदा फार चांगले ठरतात, कारण कागद, ब्रश आणि रंग त्यांच्या रोजच्या हातातले असतात.

भाषेचाही विचार इथेच करा. कलावंत घरी अहिराणी बोलत असेल, तर मुलाखतकाराला अहिराणी यायलाच हवी. प्रमाण मराठीत तीन वाक्यांत उरकलेलं उत्तर अहिराणीत दहा मिनिटं चालतं आणि सभागृह जागं होतं. पहिल्याच चित्रापुढे ‘हाई काय शे?’ असं विचारलं की पुढचं सोपं जातं. लेवा गणबोलीलाही हेच लागू.

नंदुरबारकडचे, धडगाव-अक्कलकुव्याचे भिल किंवा पावरा कलावंत बोलावत असाल, तर भाषांतर करणारा त्यांच्याच समाजातला असावा आणि तो कलावंताच्या शेजारी बसावा. निवेदकाच्या पोडियमवरून भाषांतर करायला लावू नका. दोघांची नजरानजर तुटते. अशा कार्यक्रमात निम्मा वेळ भाषांतरात जाणार हे गृहीत धरून पाचऐवजी दोनच कलाकृती घ्या.

इशारा: सीमेवरच्या आदिवासी भागातलं पिठोरा हे नवस फेडताना भिंतीवर काढलं जाणारं चित्र आहे, त्यात बडवा म्हणजे विधी करणारा पुजारी असतो, विधी असतो. ‘स्टेजवर जरा काढून दाखवा’ अशी फर्माईश आयत्या वेळी करू नका. काय दाखवता येईल, काय नाही आणि कशाबद्दल बोलायचं नाही, हे आधी कलावंताला विचारा. नाही म्हणाले तर विषय तिथेच संपवा.

## टप्पा ३: तारीख आणि वेळ

आता कॅलेंडर काढा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत सायंकाळी सातच्या आत कुणी घराबाहेर पडत नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात माहेरवाशिणी आलेल्या असतात, घरं भरलेली असतात. श्रावणात कानबाईचा रविवार टाळा. होळीच्या आधी-नंतरचे दिवस सातपुड्यातल्या कलावंतांना मागूच नका. भोंगऱ्या बाजार आणि होळी सोडून ते तुमच्या सभागृहात का येतील? डिसेंबरमध्ये दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची यात्रा असते, तेव्हा शहादा-दोंडाईचा पट्ट्यातला प्रेक्षक धरू नका. आणि हिवाळ्यातल्या रविवारी दुपारी जळगावात भरीत-पार्टीशी स्पर्धा करू नका. हरणार तुम्हीच.

बरे दिवस म्हणजे जुलै-ऑगस्टमधले मोकळे शनिवार आणि दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. वेळ ठरवताना शेवटची एसटी आणि पॅसेंजर गाडी बघा. पाचोरा, अमळनेर, धरणगावहून येणारा श्रोता गाडीच्या वेळेनेच उठतो. कार्यक्रम शेवटच्या सोयीच्या गाडीच्या निदान पाऊण तास आधी संपला पाहिजे. तिथून मागे मोजत या आणि सुरुवातीची वेळ काढा.

## टप्पा ४: बोलणी लेखी करा

फोनवर ‘या हो सर, बाकी बघू’ म्हणायचं आणि नंतर शाल-श्रीफळावर बोळवण करायची, ही पद्धत बंद करा. एक पानाचं पत्र पुरतं. त्यात एवढं असावं: मानधन किती आणि कधी मिळणार, प्रवास आणि मुक्काम कुणाचा, किती वेळ बोलायचं, ध्वनिचित्रमुद्रण होणार का, ते कुठे वापरणार, आणि चित्रांच्या प्रतिमा पत्रिकेवर छापायला परवानगी आहे का.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबा. चित्र संग्रहालयाने विकत घेतलं म्हणजे त्याच्या प्रती छापायचा हक्क आपोआप मिळत नाही. वेगळा लेखी करार नसेल तर तो हक्क साधारणपणे कलावंताकडेच राहतो. भारतात चित्र-शिल्पांवरचा कॉपीराइट कलावंताच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. २०१२च्या कायदादुरुस्तीपासून छायाचित्रालाही हाच नियम आहे. म्हणजे कलावंत हयात नसला तरी वारसांना विचारावंच लागतं. शिवाय चित्र कापून, रंग बदलून, त्यावर संस्थेचा लोगो टाकून फ्लेक्स केला तर कलावंत हरकत घेऊ शकतो. आणि घ्यावीच.

मानधन कार्यक्रम संपताच, त्याच संध्याकाळी. गावाहून येणाऱ्या कलावंताला ‘चेक पोस्टाने पाठवतो’ सांगणं म्हणजे परतीचं भाडं त्याच्याच खिशातून काढायला लावणं. करकपात लागते का, हे हिशेबनीसाला आधी विचारून ठेवा, म्हणजे ऐनवेळी रक्कम कमी का झाली याचा खुलासा करावा लागत नाही.

## टप्पा ५: आधीची भेट आणि प्रश्नांचा कागद

मुलाखतकार आणि कलावंत कार्यक्रमाआधी निदान एकदा भेटले पाहिजेत, शक्यतो कलावंताच्या कामाच्या जागी. प्रत्यक्ष जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर, पण चित्रं समोर ठेवून. या भेटीत मुलाखत घ्यायची नाही. तीच उत्तरं दोनदा दिली की दुसऱ्यांदा ती शिळी होतात. हात लावून बघायचं, नावं विचारायची, साधनं पाहायची, आणि कुठल्या गोष्टीवर बोलताना माणूस खुलतो तेवढं टिपायचं.

मग प्रश्न लिहायचे. ‘आपली प्रेरणा कोणती?’, ‘तरुण पिढीला काय संदेश द्याल?’, ‘कलाक्षेत्राकडे कसे वळलात?’ हे तीन प्रश्न कागदावर असतील तर खोडा. यांची उत्तरं प्रत्येक कलावंताकडे पाठ असतात आणि ती कुठेही, कुणाबद्दलही चालतात.

त्यांच्या जागी असे प्रश्न चालतात. जलरंगातल्या एका निसर्गचित्रासाठी धरा:

- या कोपऱ्यात कागद कोराच सोडलाय. ते आधी ठरलं होतं की हात थांबला?
- केळीच्या बागेचा हा हिरवा कुठल्या दोन रंगांतून आला?
- हे जागेवर बसून केलंत का? उन्हात रंग किती वेळात वाळत होता?
- यातली कुठली जागा आज पुन्हा कराल?

यातला तिसरा प्रश्न बघा. दिसायला तांत्रिक, पण खानदेशातल्या उन्हात रंग लावला-लावला की वाळतो, कडा कडक पडतात आणि ओल्यात ओलं मिसळायला वेळच राहत नाही. जागेवर बसून काम केलेला चित्रकार यावर बोलायला लागला की पहाटेची वेळ, झाडाची सावली, ओला रुमाल, पाण्याचा डबा, त्याची सगळी युक्ती बाहेर येते. श्रोत्यांतला शेतकरीही मान डोलावतो, कारण ऊन त्याला माहीत आहे.

एका कलाकृतीला तीन प्रश्न, म्हणजे एकूण फार तर पंधरा. एका बाजूला मावतील एवढेच, मोठ्या अक्षरात. प्रश्न आधी कलावंताला पाठवायचे का? चित्रांची यादी पाठवा, प्रश्न नको. तरीही कलावंताने मागितलेच, तर विषय सांगा, शब्द सांगू नका.

तपासा: प्रत्येक प्रश्न एका श्वासात विचारता येतो का? ‘आणि’ने जोडलेले दोन प्रश्न असतील तर एक काढा. श्रोत्याला आणि कलावंताला, दोघांनाही फक्त दुसराच आठवतो.

## टप्पा ६: जागा, उजेड, आवाज

जागा. शक्य असेल तर कार्यक्रम चित्रांच्याच दालनात घ्या. पन्नास खुर्च्यांची जागा असेल तर चाळीसच लावा. भिंतीवरच्या चित्रापासून खुर्चीची पाठ निदान एक मीटर लांब असावी. लोक मागे रेलतात, पिशव्या भिंतीला टेकवतात. उंच स्टेज नको. कलावंत आणि मुलाखतकार एकमेकांकडे थोडे वळून बसतील अशा दोन साध्या खुर्च्या, शेजारी लहान टेबल आणि पाणी. सोफा नकोच, त्यात बसलं की माणूस मागे जातो आणि आवाज पोटात राहतो.

समई दालनाबाहेर, व्हरांड्यात. तेल, ज्योत आणि कागदावरची चित्रं एका खोलीत ठेवायची नाहीत. ताज्या फुलांचे गुच्छही आत आणू नका. फुलांबरोबर कीड येते आणि ती चौकटींत, कागदांत शिरते. चहा-नाश्ता बाहेर. शेव-चिवड्याचा तेलकट हात आणि चित्राची काच, याचा अनुभव प्रत्येक दालनरक्षकाला असतो.

उजेड. जलरंग, रेखाटनं, जुने छापील कागद आणि कापड यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड असावा, तैलचित्रांवर २०० लक्सच्या आत. व्हिडिओवाला येतो आणि दोन प्रखर दिवे सरळ भिंतीवर सोडतो. त्याला आधीच सांगा: दिवे माणसांवर, चित्रांवर नाही. फ्लॅश बंद, हे दारावर लिहा आणि सुरुवातीला एकदा तोंडी सांगा.

कूलर. आपल्याकडचा खास प्रश्न. डेझर्ट कूलर दालनात लावला की ओलसर हवा थेट कागदांवर जाते, आणि त्याची घरघर मुद्रणात माणसाच्या आवाजापेक्षा मोठी येते. कागदी कामं असतील तर कूलर आत नकोच. उकाडा सहन होत नसेल तर वेळ किंवा महिना चुकला आहे. टप्पा ३ पुन्हा वाचा.

आवाज. फरशी आणि कोऱ्या भिंतींमुळे दालनात आवाज घुमतो. साऊंडवाला लग्नाचे दोन मोठे स्पीकर आणतो आणि सगळं बोलणं कालवून जातं. लहान स्पीकर, कमी आवाज, आणि स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला. माईक स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजणारच.

माईक तीन हवेत: कलावंताला, मुलाखतकाराला आणि श्रोत्यांसाठी एक फिरता. दोघांत एक माईक दिला की गप्पा होत नाहीत, आळीपाळीने भाषणं होतात. कॉर्डलेसमध्ये त्या दिवशी नवे सेल घाला. ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ने काही कळत नाही, दोघांना आपापल्या जागी बसवून दोन मिनिटं खरं बोलायला लावा आणि तुम्ही शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका.

वीज जाणार असं धरूनच चला. माईक आणि दोन दिवे इन्व्हर्टरवर ठेवा. प्रोजेक्टर त्यावर लादू नका. वीज गेली तर गप्पा चालू राहतात, पडदा नसला तरी.

इशारा: कार्यक्रम अंगणात किंवा उघड्यावर असेल तर ध्वनिक्षेपकासाठी स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. अर्ज आदल्या दिवशी घेऊन जाऊ नका.

## टप्पा ७: आता पत्रिका

पत्रिकेत कलावंताचं नाव सर्वांत मोठं. मग मुलाखतकार, एका कलाकृतीचं नीट छापलेलं चित्र, वेळ, जागा, ‘प्रवेश विनामूल्य’. एवढंच. मान्यवरांची यादी टाकली की प्रत्येकाला स्टेज आणि माईक द्यावा लागतो, आणि मग तुम्ही पुन्हा सुरुवातीच्या गोंधळात. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोनच्या पडद्यावर झूम न करता तारीख वाचता येते ना, ते बघा. फलकावर कलावंताच्या नावाची चूक झाली तर ती सबंध गावात फिरते. नाव त्याच्याकडूनच लिहून घ्या.

## टप्पा ८: त्या संध्याकाळचा क्रम

समजा वेळ साडेपाचची आहे.

- ५.०० दालन उघडं. लोक आधी चित्रं बघतात. बऱ्याच ठिकाणी हा अर्धा तासच गायब असतो. चित्र न बघता बसलेला श्रोता प्रश्न विचारू शकत नाही.
- ५.३० निवेदकाचं स्वागत, तीन मिनिटं. कलावंताचा परिचय वाचू नका, तो छापून खुर्चीवर ठेवा.
- ५.३५ पहिला प्रश्न, पहिल्या चित्रावर.
- ६.२० श्रोत्यांचे प्रश्न.
- ६.४५ आभार, दोन मिनिटं. सत्कार करायचाच असेल तर इथे, एकच, एका माणसाच्या हस्ते.
- ६.५० चहा बाहेर. कलावंत पुन्हा चित्रांपाशी उभा राहील, ज्यांना वेगळं बोलायचंय ते तिथे येतील.

दहाच माणसं आली असली तरी साडेपाचलाच सुरू करा. दोन-तीन कार्यक्रम असे केले की गावाला कळतं.

मधेच कुणी पुढारी आला आणि कार्यकर्त्याने कानाशी येऊन ‘आप्पांना दोन शब्द बोलायचेत’ म्हटलं, तर काय? याची तयारी आधी करा. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवा, एक जबाबदार माणूस दाराशी ठेवा. तो आदराने बसवेल आणि सांगेल, ‘आप्पा, प्रश्नांच्या वेळी पहिला प्रश्न तुमचाच.’ बहुतेक जण खूश होतात, आणि प्रश्न विचारायचा म्हटल्यावर भाषण आपोआप आखडतं.

मुलाखतकाराने घड्याळ स्वतः बघू नये. मागच्या भिंतीपाशी एक जण ‘१०’ आणि ‘५’ लिहिलेले कागद घेऊन उभा राहील, तेवढं पुरे.

## टप्पा ९: श्रोत्यांचे प्रश्न

‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हटलं की शांतता पसरते, आणि ती मोडायला हमखास तोच गृहस्थ उठतो जो प्रश्न विचारत नाही, अनुभव सांगतो. त्यावर उपाय: पहिला प्रश्न आधीच एखाद्या विद्यार्थ्याला विचारायला सांगून ठेवा, त्याचा स्वतःचा, खरा प्रश्न. फिरता माईक स्वयंसेवकाच्या हातातच राहू द्या, श्रोत्याच्या हातात देऊ नका. माईक हातात गेला की परत यायला वेळ लागतो.

बायका आणि मुली मागे बसतात आणि हात अर्धाच वर करतात. स्वयंसेवकाने मागून सुरुवात करावी. लिहून प्रश्न देण्यासाठी चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवा. दालनात पेन नको, शाईचा डाग चित्रावरून निघत नाही.

‘हे चित्र कितीला विकता?’ असा प्रश्न येणारच. हसून टाळू नका. उत्तर द्यायचं की नाही हे कलावंताला आधी विचारून ठेवलं असेल तर अवघडलेपण राहत नाही.

## टप्पा १०: दुसऱ्या दिवशी

मुद्रणाची फाइल त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी करा, एक संस्थेच्या संगणकावर आणि एक बाहेरच्या डिस्कवर. फाइलच्या नावात तारीख, कलावंत आणि जागा हवी; ‘नवीन रेकॉर्डिंग फायनल २’ नावाची फाइल सहा महिन्यांनी कुणालाच सापडत नाही. अहिराणी, पावरी किंवा भिली बोलणं असेल तर आठवडाभरात त्या भाषेच्या माणसाला बसवून मिनिटवार टिपण करून घ्या. साधनांची, रंगांची, सणांची नावं त्या-त्या भाषेत देवनागरीत लिहा, शेजारी मराठी अर्थ.

संपादित मुद्रण यूट्यूबवर टाकण्याआधी कलावंताला दाखवा. ओघात कुणाबद्दल काही बोलून गेलेलं असतं. त्याने काढायला सांगितलं तर काढा. दालनात दुसऱ्या दिवशी एकदा फिरून चौकटी, काचा आणि भिंती बघा, आणि बोटांचे ठसे, खुर्च्यांचे ओरखडे, कुठे टेकवलेली पिशवी, जे दिसेल ते नोंदवहीत लिहून सही करा.